चाकोरी न सोडता

वाचकांचे प्रश्न : डोंगरवाटा आणि चारचाकी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावर होती, म्हणून या वेळचे सदर त्या विषयालाच दिले आहे. सोलापूर शहर सपाटीवर वसलेले असले तरी तुळजापूरचा घाट येथून तासाभरावर आहे, बार्शीच्या पलीकडे बालाघाटच्या रांगा आहेत आणि माळशिरस तालुका ओलांडला की शिखर शिंगणापूरचे महादेव डोंगर समोर उभे राहतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या, म्हणजे आपण ज्यांना सरसकट ‘फोर बाय फोर’ म्हणतो त्या गाड्या आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी त्या डांबरी रस्ता सोडून डोंगराकडे वळू लागल्या आहेत. पत्रे गाडी चालवणाऱ्यांची आहेत, तशीच ज्यांच्या बांधाला लागून त्या गाड्या जातात त्यांचीही आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत अशी विनंती आहे. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता केवळ ठिकाण दिले आहे.

प्रश्न (जुळे सोलापूर) : आम्हा सहा मित्रांकडे मिळून तीन गाड्या आहेत. येडशी आणि बार्शीच्या बाजूचे डोंगर अगदी ओसाड आहेत, तेथे ना वस्ती ना शेती. अशा ठिकाणी गाडी चालवायला कुणाची परवानगी लागते का? लागत असल्यास ती कुठे मागावी?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘ओसाड’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा असे मला वाटते, कारण पुढची सगळी गफलत तेथूनच सुरू होते. उतारावर झाडे कमी दिसतात म्हणून जमीन बेवारस ठरत नाही. त्या उताराचा काही भाग वनविभागाच्या ताब्यात असतो, काही भाग गावाचे गायरान असते, काही कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, आणि येडशीच्या बाजूला रामलिंग घाट अभयारण्याची हद्द लागते. गाडीच्या काचेतून पाहताना हे सारे एकसारखेच दिसते. कुंपण नसते आणि प्रत्येक ठिकाणी फलक असेलच असेही नाही.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणे हाच गुन्हा आहे, त्यामुळे ‘आम्ही झाड तोडले नाही, काही नेले नाही’ हा बचाव तेथे उपयोगी पडत नाही. अभयारण्याबाबत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अधिक कडक आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे हद्दीत राहणारे किंवा तेथे जमीन असणारे लोक, कामावरील सरकारी नोकर आणि सार्वजनिक रस्त्याने आरपार जाणारा प्रवासी यांच्याखेरीज इतरांना परवान्याशिवाय प्रवेश नाही. या सवलतीचा अर्थ रस्त्याने जाण्यापुरताच आहे. रस्ता सोडून आत वळण्यासाठी ती नाही. वनक्षेत्रासाठी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

राहिली शेतांमधून जाणारी गाडीवाट, म्हणजेच पाणंद. हिच्याबद्दल शहरातील माणसाची समजूत फार अपुरी असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एका शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या रानात जाण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार ठरवून देतात, आणि वहिवाटीच्या रस्त्यात कुणी अडथळा आणला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा आधार घ्यावा लागतो. आठ-दहा फुटांच्या त्या पट्ट्यासाठी सख्ख्या भावांचे दावे वर्षानुवर्षे चालतात. मोजून मापून, भांडून मिळवलेल्या त्या वाटेवर तीन गाड्या समोरासमोर आल्या, एकीला जागा देताना दुसरीचे चाक बांधावर चढले आणि बांधाची कड ढासळली, तर तुम्ही संध्याकाळी सोलापुरात परतता; पण बांध कुणी मोडला यावरून दोन शेजाऱ्यांमध्ये पुन्हा बोलाचाली सुरू होते. ती वाट बैलगाडीसाठी, ट्रॅक्टरसाठी, उसाच्या ट्रॉलीसाठी आणि डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाईसाठी आहे. तेथे तुम्ही पाहुणे आहात, आणि पाहुण्याने दारात येऊन विचारायचे असते.

विचारणे अवघड नाही. गावात शिरल्यावर पारापाशी किंवा किराणा दुकानासमोर गाडी उभी करावी, खाली उतरावे आणि वडीलधाऱ्या माणसाला विचारावे की वर जाणारी वाट कुणाच्या रानातून जाते, पुढे काय पेरले आहे, मेंढरांचा वाडा कुठे बसला आहे आणि ओढ्याला पाणी किती आहे. काच खाली करून गाडीत बसूनच विचारणे आणि उतरून विचारणे यांत गावकरी बरोबर फरक करतात. शक्य झाल्यास सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्या कानावर घालावे. कुणी ‘नको’ म्हटले तर कारण न विचारता परत फिरावे. तीन गाड्या ठीक आहेत. चौथी, पाचवी बोलावू नये.

प्रश्न (बार्शी तालुका) : आमच्या गावाने दोन उन्हाळे श्रमदान करून डोंगराच्या उतारावर समतल चर खोदले आणि त्यामुळे खालच्या विहिरींना पाणी टिकू लागले. मागील भाद्रपदात चार-पाच गाड्या वाट सोडून सरळ उतारावर चढल्या आणि चरांचे भराव तीन ठिकाणी मोडले. आम्ही हटकले तेव्हा ‘हे काही शेत नाही ना’ असे उत्तर मिळाले. या मंडळींना काय सांगावे?

उत्तर : आपले पत्र वाचून मन खिन्न झाले. ज्या मंडळींनी ते उत्तर दिले त्यांनी मुद्दाम नुकसान केले असेल असे मला वाटत नाही. आपण कशावरून गेलो हेच त्यांना कळलेले नसावे. त्यामुळे आधी त्यांच्यासाठीच लिहितो.

समतल चर म्हणजे उतारावर एकाच पातळीत आडवा खोदलेला, साधारण दोन फूट रुंद आणि फूटभर खोल असा नाला. खोदलेली माती त्याच्या खालच्या अंगाला भराव म्हणून रचलेली असते. पावसाचे पाणी उतारावरून धावत सुटण्याऐवजी त्या चरात थांबते आणि मुरते. दोन पावसाळ्यांनंतर भरावावर गवत उगवते आणि चर गाळाने अर्धा भरतो, त्यामुळे अनोळखी डोळ्याला तो डोंगराचीच एखादी वळी वाटतो. गाडीचे चाक त्या भरावावरून गेले की तेथे चार बोटे खोल खाच पडते. पुढचा मोठा पाऊस आला की साऱ्या चरातले पाणी त्या एका खाचेकडे धाव घेते, भराव तेथे फुटतो आणि एवढे पाणी एकदम खालच्या चरावर आदळल्याने तोही फुटतो. एका चाकाने वरची एक जागा मोडलेली असते, पण हिवाळ्यापर्यंत खालच्या चार-पाच ओळी गेलेल्या असतात.

हे मी ऐकीव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या सरींनंतर तुळजापूरच्या अलीकडच्या एका टेकडीवर जुन्या गाडीवाटेने मी चढत होतो. वळणावर एक मोठा दगड घरंगळून आला होता. उतरून तो बाजूला सारण्याऐवजी मी वाट सोडली आणि पन्नासेक पावले गवतातून गाडी वर काढली. दोनदा चाके जागच्या जागी फिरली, गवताची साल निघाली आणि खालचा पिवळसर मुरूम उघडा पडला. मला त्याचे काही वाटले नाही. गाडी चढली याचाच आनंद होता. दसऱ्यानंतर पुन्हा त्याच वाटेने गेलो तेव्हा त्या जागी घळ पडली होती. मी तिच्यात पाय टाकून पाहिला, तो पोटरीपर्यंत आत गेला. घळीच्या तोंडापासून खाली पंख्यासारखा मुरूम पसरला होता आणि तो थेट एका तुरीच्या पट्टीत शिरला होता. कडेची तुरीची रोपे अर्ध्या उंचीपर्यंत गाडली गेली होती. एक मावशी तेथे बसून दगड वेचून घमेल्यात टाकीत होत्या. मी विचारल्यावर, ‘वरून कुठून तरी पाण्याला वाट फुटली बघा,’ एवढेच त्या म्हणाल्या. ती वाट माझ्या चाकाने फोडली आहे हे सांगायला मला थोडा वेळ लागला. सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी दुसरे घमेले माझ्याकडे सरकवले, आणि दुपारपर्यंत आम्ही दोघे दगड वेचीत होतो.

‘चाकोरी’ हा शब्द आपण अलीकडे कमीपणा दाखवण्यासाठी वापरतो. चाकोरीबाहेरचे ते सारे चांगले, असे धरून चालतो. डोंगरवाटेवर मात्र तिचे मोल वेगळे आहे. पिढ्यानपिढ्या बैलगाड्यांच्या धावांनी दाबलेल्या त्या दोन समांतर रेघांखाली जमीन घट्ट झालेली असते. झीज जी व्हायची ती तेवढ्याच पट्टीत होते आणि भोवतालचा उतार शाबूत राहतो. म्हणून डबके आले तरी त्याला वळसा न घालता त्यातूनच सावकाश जावे, दगड आला तर उतरून तो बाजूला करावा, पुढे जाणेच शक्य नसेल तर मागे यावे. वळशाला वळसे जोडत गेले की आठ फुटांची वाट दोन-तीन वर्षांत पंचवीस फुटांची होते, आणि तेवढ्या रुंदीत गवताची काडी उरत नाही.

आता आपल्या गावासाठी. फुटलेल्या जागा पुढील पावसाळ्याची वाट न पाहता या उन्हाळ्यातच बुजवाव्यात. माती एकदम न टाकता वीतभर थर, त्यावर पाणी आणि चोपणी अशा क्रमाने भरावी आणि बाहेरच्या अंगाला दगड रचावेत. जेथून गाड्या वाट सोडतात त्या तोंडाशी चुना लावलेले मोठे दगड ओळीने ठेवावेत आणि फलकावर ‘प्रवेश बंद’ लिहिण्यापेक्षा ‘वर पाणी अडवले आहे, खाली शेती आहे, कृपया गाडी वाटेवरच ठेवा’ असे लिहावे. बहुतेक माणसे कारण कळले की ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्या गाडीचा क्रमांक टिपून ठेवावा, ग्रामसभेत ठराव करावा आणि पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्यावी. जमल्यास त्या गाडीवाल्यांना एकदा श्रमदानाला बोलावून पाहावे. कुदळ मारताना हाताला फोड आला की चराची किंमत कळते.

प्रश्न (सात रस्ता) : अरुंद घाटवाटेवर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कुणी थांबायचे, यावरून आमच्यात नेहमी वाद होतो.

उत्तर : वादाचे कारण नाही. डोंगराळ किंवा तीव्र चढाच्या रस्त्यावर दोन गाड्या निर्धोकपणे शेजारून जाऊ शकत नसतील तर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असे १९८९ च्या मोटार वाहन नियमांतच लिहिलेले होते आणि त्यांच्या जागी २०१७ मध्ये आलेल्या विनियमांतही हेच तत्त्व आहे. कच्च्या वाटेवर त्याचे कारण अधिक ठळक होते, कारण चढावर एकदा थांबलेली गाडी सैल मुरमावरून पुन्हा उचलताना चाके घसरतात आणि वाट उकरली जाते. मात्र चढणाऱ्याच्या मागे दहा पावलांवर रुंद जागा असेल आणि उतरणाऱ्याच्या मागे फर्लांगभर नसेल, तर नियमाचा हट्ट न धरता चढणाऱ्याने मागे यावे. बैलगाडी, भरलेला ट्रॅक्टर, गुरे आणि पायी चालणारी माणसे यांना चढ असो वा उतार, पहिली वाट द्यावी. आपल्या मागे आणखी गाड्या असतील तर तेवढी बोटे दाखवावीत, म्हणजे समोरचा त्या सगळ्या जाईपर्यंत थांबतो. शेवटच्या गाडीने मूठ दाखवावी.

मेंढरांचा कळप समोर आला तर एका बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि हॉर्नला हात लावू नये. कळप बिथरला की कोकरे आयांपासून तुटतात आणि ती गोळा करण्यात धनगराचा अर्धा दिवस जातो. माणसे चालत असतील तर चालण्याच्याच वेगाने जावे. चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेला कावडी निघतात, तेव्हा महादेव डोंगराच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा अनवाणी माणसांनी भरलेल्या असतात. त्या दिवसांत तेथे हौसेने गाडी नेऊच नये. एका गाडीची धूळ शंभर माणसांच्या नाकातोंडात जाते.

प्रश्न (अक्कलकोट रस्ता) : गाडीला पुढे लोखंडी गार्ड, छतावर मोठे दिवे आणि आवाज करणारा सायलेन्सर बसवावा का?

उत्तर : नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि पुढचे लोखंडी गार्ड बेकायदा असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. ते पादचाऱ्याला घातक असतात आणि टक्कर झाल्यास एअरबॅग वेळेवर उघडण्यातही त्यांचा अडथळा होऊ शकतो. त्या पैशांत चांगले टायर घ्यावेत.

प्रश्न (नान्नज रस्ता) : माळढोक अभयारण्याच्या आत आम्ही जात नाही, बाहेरच्या मोकळ्या माळावर मात्र जातो. तेथे काळविटांचे कळप दिसतात. गाडी थोडी वेगात त्यांच्या बरोबरीने नेली की छायाचित्रे सुंदर येतात. यात काही गैर आहे का?

उत्तर : गैर आहे, आणि ते केवळ शिष्टाचारापुरते नाही. वन्यजीव अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला मारणे जसे येते तसेच त्याचा पाठलाग करणे आणि त्याला हाकणे हेही येते, आणि काळवीट त्या अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेर असल्याने हे बदलत नाही. कळप गाडीच्या बरोबरीने धावतो तो हौसेने नव्हे, जिवाच्या भीतीने. गाभण माद्या आणि नुकते जन्मलेले पाडस त्यात असतील तर एका छायाचित्रापायी काय होऊ शकते याचा विचार करावा.

नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी घोषित झाले. माळढोकाची मादी घरटे बांधत नाही. उघड्या माळावर, नुसत्या जमिनीवर ती बहुधा एकच अंडे घालते. हा पक्षी आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे, पण त्याच्यासारखेच जमिनीवर अंडी घालणारे इतर पक्षी, म्हणजे टिटवी, चंडोल, धाविक आणि पखुर्डी, आपल्या माळांवर आजही आहेत. टिटवीची अंडी मी चार हात अंतरावरून पाहिली आहेत. मातकट रंगावर काळपट ठिपके आणि भोवती त्याच रंगाचे खडे, त्यामुळे नजर एकदा हलली की पुन्हा ती सापडायला वेळ लागतो, आणि तोवर डोक्यावर घिरट्या घालणारी टिटवी ओरडून ओरडून बेजार होते. गाडीत बसलेल्याला ती अंडी दिसणे अशक्य आहे. म्हणून माळावर गाडी मोकळी सोडू नये. जी गाडीवाट आहे तिच्यावरच थांबावे, इंजिन बंद करावे आणि वाट पाहावी. थांबलेल्या गाडीची भीती कळपाला हळूहळू कमी वाटू लागते आणि छायाचित्रही अधिक चांगले येते.

आणखी एक गोष्ट उन्हाळ्यासाठी. माघापासून पुढे माळावरचे कुसळी गवत कडक वाळते. गाडीखालचा सायलेन्सर आणि त्याच्या पुढचा, धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की वाळल्या गवतावर गाडी उभी केल्यास आग लागू शकते. गाडीच्या पोटाला अडकून राहिलेली कुसळेही पेट घेतात. माळाला लागलेला वणवा गावाची वर्षभराची वैरण नेतो. गाडी नेहमी उघड्या मुरमावर उभी करावी, मधूनमधून वाकून खाली पाहावे आणि अडकलेले गवत काढून टाकावे.

प्रश्न (होटगी रस्ता) : जूनमध्ये कुटुंबासह हिमाचलातील स्पितीला जाण्याचा विचार आहे. तेथे रस्त्यावरून वाहणारे नाले ओलांडावे लागतात असे ऐकले. आपल्याकडच्या माणसाने काय लक्षात ठेवावे?

उत्तर : आपल्याकडे ओढ्याला पाणी पाऊस पडल्यावर येते, तेथे ते ऊन पडल्यावर येते. वरचे बर्फ दिवसा वितळते, त्यामुळे जो नाला सकाळी सहा वाजता घोट्याएवढा असतो तोच दुपारी गुडघ्याच्या वर जातो. स्पितीच्या वाटेवरील ग्राम्फू ते बातल हा पट्टा सकाळीच पार करावा. पाण्यात गाडी घालण्यापूर्वी कुणीतरी काठी घेऊन चालून पाहावे, प्रवाहाला जोर असेल तर थांबावे, आणि एकदा घातल्यावर पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या संथ वेगाने बाहेर यावे. मध्ये क्लच दाबू नये. मालवाहू ट्रक आणि एसटीसारख्या तेथील सरकारी बसना आधी जाऊ द्यावे, कारण वाटेवरच्या गावांचे धान्य आणि गॅस त्यांच्यावर अवलंबून असतो.

कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरांहून उंच आहे आणि चंद्रताल सरोवर सुमारे ४,३०० मीटरांवर आहे. तेथे माणसाला धाप लागते तशी इंजिनाचीही ताकद कमी पडते. घाई करू नये. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली गेलेली पाणथळ जागा आहे. गाडी ठरलेल्या वाहनतळावर सोडून पुढे चालतच जायचे असते. नदीच्या पात्रात चाके भिजवून चित्रफीत काढण्याची जी टूम निघाली आहे, तिच्या नादी लागू नये. तेच पाणी खालच्या गावात पिण्यासाठी जाते.

प्रश्न (मोहोळ) : मी शिक्षिका आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघे गाडीने नातलगांच्या वस्तीवर निघालो होतो. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि डोंगराच्या पायथ्याच्या काळ्या रानातील वाटेवर गाडी रुतली. यजमानांनी जोर लावला तशी ती आणखी खचली. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने साखळी बांधून ओढले, तर साखळीचा दुवा तुटून आमच्या मागच्या काचेवर आदळला. मुले सुदैवाने दूर होती. अशा वेळी नेमके काय करावे?

उत्तर : मुले दूर होती हे वाचून जीव भांड्यात पडला. आपल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण सोलापूर जिल्ह्यात डोंगरावर अडकण्यापेक्षा डोंगराच्या पायथ्याच्या काळ्या मातीत अडकणाऱ्या गाड्या जास्त आहेत.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणूनच उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती टायरच्या खाचांत भरते आणि दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. मग गाडी फोर बाय फोर असली तरी चारही चाके सारखीच फिरत राहतात. शेतकरी पाऊस झाल्यावर लगेच रानात औत घालत नाही. वापसा येण्याची वाट पाहतो. गाडीवाल्यानेही हाच नियम पाळावा. वाटेवरची माती मुठीत दाबून पाहावी. ती बोटांना चिकटून राहिली तर वापसा आलेला नाही, आणि मूठ उघडल्यावर गोळा भुसभुशीत होऊन फुटला तर निघायला हरकत नाही. ओल्या वाटेवर पडलेल्या खोल चाकोऱ्या पुढे वाळून विटेसारख्या कडक होतात आणि ज्वारीची काढणी होईपर्यंत बैलगाडीचे जू हिसके खात राहते. तेव्हा एक दिवस थांबण्यात आपले आणि रानमालकाचे दोघांचेही हित असते.

तरीही गाडी रुतलीच, तर पहिली गोष्ट म्हणजे अॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा. फिरणारे चाक खड्डाच खणत असते. सर्वांना उतरवावे. चाकांच्या पुढची-मागची माती खोऱ्याने मोकळी करावी आणि तुराट्या, पळाट्या किंवा सपाट दगड चाकाखाली घालावेत. पण बांधावरचे दगड उचलू नयेत आणि कुणाची रचलेली वैरण तर मुळीच घेऊ नये. टायरमधील हवा कमी केली की टायर पसरतो आणि त्याची पकड वाढते. एरवी ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) असेल तर २० ते २२ पर्यंत उतरवावी. १५ च्या खाली गेल्यास टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. अशा टायरवर वेग घेऊ नये आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. त्यासाठी बॅटरीवर चालणारा लहान पंप गाडीत असावा. अणकुचीदार दगडांच्या वाटेवर मात्र हवा फार कमी करू नये, टायरची बाजू चिरते.

ओढून काढण्याची वेळ आली तर साखळी नको. तिला ताण सहन करण्यासाठी लवचिकपणा नसतो. झटका बसला की दुवा तुटतो आणि गोळीसारखा सुटतो, जे आपण अनुभवलेच आहे. त्याऐवजी गाडी ओढण्यासाठीच बनवलेला रुंद पट्टा मिळतो, तो घ्यावा. पट्टा बंपरला, अॅक्सलला किंवा ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला कधीही बांधू नये; तो गोळा तुटून माणसे दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. गाडीच्या चासीला कंपनीने दिलेला हुक असतो, तो कुठे आहे हे आजच मॅन्युअल काढून पाहून ठेवावे. पट्टा ताणण्यापूर्वी त्याच्या मधोमध जाड घोंगडी किंवा पाण्यात भिजवलेली सोलापुरी चादर टाकावी, म्हणजे पट्टा तुटलाच तर तिच्या वजनाने तो उसळण्याऐवजी बराचसा खाली पडतो. आपल्या घरी चादरी असतीलच. एक जुनी गाडीत कायमची ठेवावी. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कुणीही उभे राहू नये, आणि खुणा करणारा माणूस एकच असावा. ट्रॅक्टरवाल्याला ‘झटका नको, सावकाश ओढा’ हे आधीच नम्रपणे सांगावे.

ट्रॅक्टरवाले दादा आपले काम सोडून आलेले असतात. ते ‘राहू द्या ताई’ म्हणाले तरी डिझेलचे पैसे आग्रहाने द्यावेत. आणि गाडी बाहेर निघाली की लगेच निघून जाऊ नये. चाकांनी पडलेले खड्डे तसेच राहिले तर रात्री त्या वाटेने येणाऱ्या बैलाचा पाय त्यात मुरगळतो. चाकाखाली घातलेले दगड काढून कडेला ठेवावेत, उकरलेली माती खोऱ्याने परत ओढावी आणि पायाने दाबावी. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि मुलांनाही त्यात हात लावू द्यावा.